कोथरूडमध्ये विरोधी उमेदवाराची पोलिंग एजंट म्हणून बसले तेव्हा

कोथरूडमध्ये विधानसभेला विरोधी उमेदवारासाठी पोलिंग एजंट, म्हणजे मतदान केंद्रात उमेदवाराच्या वतीने बसून लक्ष ठेवणारा माणूस, शोधणं किती कठीण असतं, हे बाहेरच्या माणसाला सांगून खरं वाटत नाही. सभेला माणसं येतात, पदयात्रेला येतात, झेंडे लावायला पोरं येतात. पण पहाटे सव्वापाचला शाळेच्या दारात हजर राहायचं, मोबाइल घरी ठेवायचा आणि अंधार पडेपर्यंत एका खोलीत बाकावर बसून राहायचं म्हटलं की एकेक जण मागे सरतो. "कोण निवडून येणार हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे, मग बसायचं कशाला?" हे मला २०२४च्या नोव्हेंबरात इतक्या जणांनी विचारलं, की त्याचं उत्तर म्हणूनच हे सगळं लिहून काढते आहे.

प्रश्न गैर नव्हता. कोथरूड मतदारसंघ २००८च्या पुनर्रचनेत झाला. २००९ला इथून युतीतली शिवसेना आली, २०१४ला भाजप. त्या वर्षी पुणे शहरातल्या आठच्या आठ जागा भाजपने घेतल्या होत्या. २०१९ला चंद्रकांत पाटील इथून साधारण २५ हजारांच्या फरकाने आले. डहाणूकर कॉलनीपासून भुसारी कॉलनीपर्यंतच्या सोसायट्यांमध्ये पिढ्यान् पिढ्या एकाच बाजूला मत देणारी घरं आहेत, आणि ती मनापासून देतात. यात कुणी कुणाला फसवलंय असं मला वाटत नाही.

मी हिशेबाच्या कामातली बाई. पंचवीसेक वर्षं खासगी कंपन्यांत खाती जुळवण्यात गेली. ज्या उमेदवारासाठी बसले त्याच्या पक्षाची मी सभासदही नाही. मत त्यांना देते, एवढंच. आमच्या वॉर्डातल्या कार्यकर्त्याने यादी दाखवली तेव्हा आमच्या शाळेतल्या निम्म्याहून जास्त खोल्यांपुढे नाव कोरं होतं. का, ते विचारलं तर तो म्हणाला, "ताई, कुणी धमकी वगैरे देत नाही हो. पण उद्या ड्रेनेजचं काम पडतं, दाखला लागतो, सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटची फाइल असते. उगाच डोळ्यांवर कशाला यायचं, असं म्हणतात." एका पक्षाचं वर्चस्व म्हणजे काय, हे मला त्या यादीत दिसलं. धाकदपटशा नाही, मारामारी नाही. नुसते कोरे रकाने.

एजंट व्हायला फारसं काही लागत नाही. नमुना १० नावाचा एक कागद असतो. त्यावर उमेदवाराची किंवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीची सही, आपलं नाव, केंद्राचा क्रमांक. खालच्या प्रतिज्ञेवर सही मात्र केंद्राध्यक्षांसमोर करायची. एका केंद्रावर एका उमेदवाराचा एक एजंट आणि दोन बदली एजंट नेमता येतात, आत एका वेळी एकच बसतो. समोरच्या बाजूला तिघंही होते, दर दोन-तीन तासांनी माणूस बदलत होता. मला बदली कुणी नव्हतं.

२० नोव्हेंबरला मतदान सातला सुरू व्हायचं होतं. त्याच्या दीड तास आधी, साडेपाचला, मॉक पोल, म्हणजे मशीन नीट चालतं का ते बघायचं चाचणी मतदान. अख्ख्या दिवसातलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, आणि नेमकं हेच बघायला सगळ्यात कमी माणसं असतात. एजंट वेळेवर आले नाहीत तर थोडा वेळ थांबून केंद्राध्यक्ष पुढे सुरू करतात. त्यांचाही इलाज नसतो.

महापालिकेच्या शाळेची खोली. भिंतीवर बाराखडीचा तक्ता, कोपऱ्यात मुलांची लहान बाकं रचून ठेवलेली. आत केंद्राध्यक्ष, तीन मतदान अधिकारी, एक शिपाई. ही माणसं आदल्या दिवशीच साहित्य घेऊन आलेली, रात्री तिथेच झोपलेली. केंद्राध्यक्ष कुठल्याशा तालुक्यातले शिक्षक होते. डोळे तांबारलेले, पण काम अगदी नेटकं. एजंट म्हणून तिथे आम्ही दोघंच होतो. मी, आणि सत्ताधारी बाजूचे एक काका, सत्तरी ओलांडलेले, कानटोपी घातलेले.

मॉक पोलमध्ये किमान ५० मतं टाकायची असतात, 'नोटा' धरून प्रत्येक उमेदवाराला काही ना काही. कुणाला किती मतं टाकली हे मी वहीत लिहीत गेले. मग क्लोज, रिझल्ट. मतं साठवणाऱ्या कंट्रोल युनिटवर (मतदार बटण दाबतो ते बॅलट युनिट) एकेका उमेदवाराचा आकडा येतो, तो वहीशी ताडून बघायचा. त्यानंतर व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे दिलेलं मत चिठ्ठीवर छापणाऱ्या यंत्राच्या, पेटीतल्या चिठ्ठ्या काढून मोजायच्या आणि त्याही ताडायच्या. जुळल्या. मग क्लिअर बटण दाबून मशीन शून्यावर आणतात. चिठ्ठ्यांवर मॉक पोलचा शिक्का मारून त्या काळ्या पाकिटात बंद करतात, आणि व्हीव्हीपॅटची रिकामी पेटी एजंटांना उघडून दाखवतात.

इथे काका म्हणाले, "ताई, नुसतं बघू नका. वाकून हात घालून बघा. आणि टोटल दाबायला सांगा. शून्य तुमच्या डोळ्यांनी वाचा." मी बघतच राहिले. ते समोरच्या बाजूचे. पुढे म्हणाले, "हिरव्या सीलचा नंबर लिहिला का? कंट्रोल युनिटचा? बॅलट युनिटचा? सीलवर सही करा. तो तुमचा हक्क आहे."

सगळे नंबर मी वहीत उतरवून घेतले. हिरवी कागदी पट्टी कंट्रोल युनिटच्या निकालाच्या झाकणाखालून जाते. ती न फाडता निकालाच्या बटणापर्यंत पोचता येत नाही. तिच्यावर छापलेला क्रमांक असतो, केंद्राध्यक्षांची सही असते आणि आमचीही. सकाळी नोंदवलेला हा क्रमांक तीन दिवसांनी मोजणीच्या टेबलावर पुन्हा बघायचा असतो. मध्ये मशीन कुठे होतं, कुणी नेलं, कुणी ठेवलं, या सगळ्या शंकांना सामान्य माणसाच्या हातातलं उत्तर म्हणजे तो वहीतला नंबर.

दुपारी गर्दी ओसरली तेव्हा काकांना विचारलं, हे सगळं कुठे शिकलात. ते १९७२च्या विधानसभेला जनसंघाचे पोलिंग एजंट होते. पुण्यातच, पण रामभाऊ म्हाळगी जिथून निवडून आले त्या मतदारसंघात नाही, दुसरीकडे. मतदानाचं वय तेव्हा २१ होतं आणि त्यांना नुकतंच एकविसावं पूर्ण झालेलं. त्या निवडणुकीत २७० पैकी २२२ जागा काँग्रेसला मिळाल्या होत्या. "पणतीचा एजंट म्हटलं की लोक आमच्याकडे बघून हसायचे," काका सांगत होते. "घरचे म्हणायचे, नोकरीचं बघ आधी. आम्हाला सांगितलेलं एकच होतं. पेटीच्या कागदी सीलचा नंबर लिहायचा आणि संध्याकाळी मतपत्रिकांच्या हिशेबाची नक्कल घेतल्याशिवाय उठायचं नाही. हरलो तरी चालेल, पण किती मतांनी हरलो ते आपल्या कागदावर पाहिजे."

काकांच्या राजकारणाशी माझं जुळणार नाही, आणि आम्ही त्यावर बोललोही नाही. पण ते माझ्या शेजारी नसते तर त्या दिवशी मला एवढं समजलं नसतं, हेही तितकंच खरं. बसायच्या जागांनाही क्रम असतो: आधी मान्यताप्राप्त राष्ट्रीय पक्ष, मग राज्य पक्ष, मग बाकीचे नोंदणीकृत पक्ष आणि शेवटी अपक्ष. आमच्या खोलीत उरलेल्या उमेदवारांचं कुणी आलंच नव्हतं, त्यामुळे बाक आम्हा दोघांनाच पुरून उरला.

दिवसभराचं काम कंटाळवाणं वाटेल, पण लक्ष देऊन करायचं तर डोकं शिणतं. पहिला अधिकारी नाव आणि क्रमांक मोठ्याने वाचतो, ओळखपत्र बघतो. आपण आपल्या यादीवर खूण करायची. दुसरा बोटाला शाई लावतो आणि नोंदवहीत सही घेतो. तिसरा कंट्रोल युनिटचं बटण दाबून मतदारासाठी मशीन खुलं करतो. आडोशामागे व्हीव्हीपॅटच्या काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते, मग बीप. बीप आणि नोंदवहीतला क्रमांक बरोबर चालले पाहिजेत. दर दोन तासांनी केंद्राध्यक्ष आकडा वर कळवायचे, तेव्हा तो मीही वहीत लिहून घेत होते.

दुपारी एक मुलगी आली. अनुपस्थित, स्थलांतरित आणि मयत मतदारांची वेगळी यादी असते, तिच्यात हिच्या नावापुढे 'स्थलांतरित' अशी नोंद होती. बंगळूरला नोकरी, मतदानासाठी रात्रीच्या बसने आलेली. अशा मतदाराला परत पाठवायचं नसतं. ओळख नीट तपासायची, प्रतिज्ञापत्र घ्यायचं, सहीबरोबर अंगठाही घ्यायचा आणि मत देऊ द्यायचं. केंद्राध्यक्षांनी आम्हा दोघांकडे बघितलं. आक्षेप घेतला असता तर दोन रुपये भरून चौकशी मागता आली असती. काकांनी तिच्या कार्डावरचा फोटो बघितला, मी पत्ता विचारला. केळेवाडीतला, गल्लीसकट बरोबर सांगितला तिने. दोघांनीही मान हलवली. तिने मत दिलं आणि डोळे पुसत बाहेर गेली. यादीच्या त्या शेऱ्यापुढे ती सकाळपासून अस्वस्थ होती, हे तिने जाताना सांगितलं.

हरण्याची खरी कारणं मात्र मला खोलीत नाही, बाहेर दिसली. केंद्रापासून २०० मीटरच्या पलीकडे पक्षांची टेबलं होती. समोरच्यांच्या टेबलावर पन्नाप्रमुख होते. मतदारयादीच्या एकेका पानाची जबाबदारी घेतलेली माणसं. कोणत्या सोसायटीतलं कोण अजून उतरलेलं नाही, हे त्यांना दुपारीच माहीत होतं आणि ते फोन करत होते. ही माणसं निवडणुकीपुरती उगवलेली नव्हती, गणपतीत आणि पाणी आलं नाही तेव्हाही तीच दिसतात. वस्तीतल्या बायकांच्या बोलण्यात लाडक्या बहिणीचे दीड हजार होते. ऑगस्टपासून खात्यात आलेले, हातात पडलेले. आमच्या बाजूने महिना तीन हजारांचं आश्वासन होतं, पण आलेला पैसा आणि येणारा पैसा यांत माणूस काय निवडतो हे सांगायला नको. आमच्या टेबलावर दुपारी चारनंतर एकच मुलगा उरला होता.

सहा वाजता शाळेचं फाटक बंद झालं. आत रांगेत जे उभे होते त्यांना केंद्राध्यक्षांच्या सहीच्या चिठ्ठ्या दिल्या, रांगेच्या शेवटच्या माणसापासून सुरुवात करून पुढे, म्हणजे मागून कुणी घुसत नाही. कामावरून सुटून आलेली माणसं होती, बहुतेक सुतारदऱ्याकडची. बाहेर पूर्ण अंधार पडला होता. ती सगळी मतं होईपर्यंत मशीन चालू राहिलं. शेवटच्या मताला केंद्राध्यक्षांनी क्लोज दाबलं, टोटल वाचून दाखवली, नोंदवहीच्या शेवटच्या क्रमांकाशी ताडली.

मग नमुना १७सी. मतदानाचा हिशेब. केंद्रावर किती मतदार नेमलेले, नोंदवहीत किती जणांची नोंद, किती जणांनी नोंद करूनही मत दिलं नाही, मशीनमध्ये एकूण किती मतं, मशीनचे क्रमांक, सीलचे क्रमांक. निवडणूक नियमांतल्या ४९-एस प्रमाणे याची प्रमाणित प्रत हजर असलेल्या प्रत्येक एजंटला द्यायची असते. 'हजर असलेल्या' हे शब्द फार मोलाचे आहेत. घरी बसलेल्याला ती मिळत नाही. केंद्राध्यक्ष दमून गेले होते, तरी त्यांनी दोन प्रती भरून दिल्या, काकांना एक, मला एक. शेजारच्या खोलीत आमच्या बाजूचं कुणीच नव्हतं. तिथली प्रत समोरच्या एजंटला तेवढी गेली.

पुढचे काही दिवस सगळीकडे एकच चर्चा होती. संध्याकाळी पाचपर्यंतचं राज्याचं मतदान ५८.२२ टक्के जाहीर झालं होतं आणि अंतिम आकडा ६६.०५ आला. वाढलेली मतं आली कुठून? आयोगाचं म्हणणं होतं की पाचचा आकडा फोनवरून गोळा केलेला, तात्पुरता असतो. विरोधी पक्षांना ते पटलं नाही. माझ्या खोलीपुरतं मी छातीठोकपणे सांगू शकते: पाचचा आकडा माझ्या वहीत आहे, शेवटचा आकडा १७सीवर आहे, आणि मधली मतं देणारी माणसं मी डोळ्यांनी रांगेत बघितली आहेत. शेजारच्या खोलीबद्दल मी काहीच सांगू शकत नाही. तिथे काही गडबड झाली असेल असं मला अजिबात वाटत नाही. पण 'वाटतं' आणि 'माहीत आहे' यांत हिशेबाच्या माणसाला फार मोठं अंतर दिसतं. डिसेंबरच्या सुरुवातीला सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीच्या लोकांनी स्वतःच मतपत्रिकांवर पुन्हा मतदान घ्यायचं ठरवलं आणि प्रशासनाने ते होऊ दिलं नाही, तेव्हाही माझ्या मनात हेच आलं. अविश्वास एवढा वाढल्यावर त्याला कागद लागतो, आणि तो कागद मतदानाच्या रात्रीच हातात घ्यावा लागतो.

२३ तारखेला मोजणी. तिथे मी मोजणी प्रतिनिधी होते. त्यासाठी वेगळा नमुना असतो, १८ क्रमांकाचा, फोटोसकट. आठला टपाली मतं, मग अर्ध्या तासाने मशीन. १४ टेबलं, प्रत्येक टेबलापुढे जाळी, जाळीच्या अलीकडे आम्ही. प्रत्येक फेरीला टेबलावर एकेका केंद्राचं कंट्रोल युनिट येतं. पर्यवेक्षक सील दाखवतो, क्रमांक वाचतो, सरकारी १७सीवरची एकूण मतं मशीनच्या टोटलशी ताडतो आणि मग रिझल्ट दाबतो.

आमच्या टेबलाच्या एजंटांकडे केंद्रनिहाय १७सीच्या प्रतींची फाइल होती. ती फाइल उघडली आणि मला यादीतल्या कोऱ्या रकान्यांचा अर्थ कळला. मशीन यायचं, मी पान उलटायची आणि त्या जागी पान नसायचंच. अशा वेळी पर्यवेक्षक जो नंबर वाचेल तो ऐकायचा आणि लिहून घ्यायचा. तो बरोबरच वाचत असणार. पण ताडून बघायला आपल्याकडे काही नाही. काही पानं होती तिथे मात्र सील, मशीनचे क्रमांक, मतं, सगळं तंतोतंत जुळलं. माझ्या खोलीचं मशीन दुसऱ्या टेबलावर आलं. तिथल्या मुलाने माझी प्रत धरून बघितली आणि लांबूनच अंगठा दाखवला. त्या खोलीत आमच्या उमेदवाराला समोरच्याच्या निम्मीही मतं नव्हती.

शेवटी चिठ्ठ्या टाकून पाच केंद्रं निवडली आणि त्यांच्या व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये एका केंद्राऐवजी पाच केंद्रं करायला सांगितली, तेव्हापासून प्रत्येक विधानसभा मतदारसंघात असं होतं. तोवर आमच्या बाजूचे बहुतेक जण निघून गेले होते. फरक एक लाखाच्या वर गेल्यावर चिठ्ठ्या मोजायला कोण थांबणार? मी थांबले, समोरच्या बाजूचे दोघं थांबले. कोथरूडचा अंतिम फरक १ लाख १२ हजारांहून अधिक होता.

राज्यात भाजपला १३२ जागा मिळाल्या, महायुती २३० च्या पुढे गेली. विरोधातल्या सगळ्यात मोठ्या पक्षाला २०. विरोधी पक्षनेतेपदासाठी सभागृहाच्या एक दशांश, म्हणजे २९ जागा लागतात असा संकेत धरला जातो, तेवढ्या कुणाकडेच नव्हत्या. पण पाचच महिन्यांपूर्वी लोकसभेला याच राज्यात ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीने जिंकल्या होत्या, हे विसरता येत नाही. आणि पुण्यातच, कसब्यात, १९९५पासून भाजपकडे असलेली जागा २०२३च्या पोटनिवडणुकीत काँग्रेसच्या रवींद्र धंगेकरांनी सुमारे ११ हजारांनी जिंकली. दीड-पावणेदोन वर्षांत भाजपच्या हेमंत रासने यांनी ती १९ हजारांहून अधिक फरकाने परत घेतली. वर्चस्व किती काळ टिकेल हे कुणालाच सांगता येत नाही. ७२ साली काकांनाही सांगता आलं नसतं.

म्हणून मला आमच्या बाजूच्या लोकांचं "सगळं मशीनमध्येच आहे" हे बोलणं आवडत नाही. ज्यांनी खोल्या रिकाम्या ठेवल्या, त्यांनी आधी खोल्या भराव्यात. आणि समोरच्या बाजूचं "हरलात म्हणून रडता" हेही आवडत नाही. एवढा मोठा विजय आहे, तर त्याची तपासणी होऊ देण्यात त्यांचं काहीच जात नाही. काकांनी मला सीलचा नंबर लिहायला लावला, त्यात त्यांचं काय गेलं?

तेव्हापासून आमच्या शाळेतल्या खोल्यांसाठी आम्ही काही जणींनी माणसं जमवायला सुरुवात केली आहे. मतदारयादीचं काम वर्षभर चालतं आणि पक्षांना त्यासाठी बूथनिहाय प्रतिनिधी (बीएलए) नेमता येतात, तीही नावं देतो आहोत. मी प्रत्येकीला सांगते: स्वतःची वही-पेन, चष्मा, औषधं, दोन वेळचा डबा, आणि बदलीला किमान एक माणूस. मॉक पोल चुकवायचा नाही. १७सीची प्रत घेतल्याशिवाय उठायचं नाही, आणि त्याच रात्री ती फाइलला लावायची. बहुतेक खोल्यांना माणूस मिळाला आहे. सुतारदऱ्याच्या बाजूच्या मतदारांची एक खोली अजून रिकामी आहे. कोथरूडच्या यादीत नाव असलेल्या कुणाची तयारी असेल तर कळवा, नमुना १० मी स्वतः बसून भरून देईन.